वरच्या डेकचं तिकीट

ऑपरेटरबाईंनी चौतीस वर्षं एका गाण्याचा फक्त मधला तुकडा ऐकला होता.

हॉस्पिटलची टेलिफोनची खोली नदीच्या अंगाला होती, पहिल्या मजल्यावर. उन्हाळ्यात तिची खिडकी सताड उघडी असायची. संध्याकाळी सातला दहा कमी असताना सहलीची बोट समोरून जायची. बोटीवर वाद्यवृंद. एक अकॉर्डियन, एक क्लॅरिनेट, ड्रम आणि कोणीतरी गाणारी बाई. बोटीचं वेळापत्रक ठरलेलं आणि वाजवणाऱ्यांची यादीही ठरलेली, त्यामुळे खिडकीसमोर बोट यायची तेव्हा नेहमी तेच गाणं चालू असायचं. नाट्यगृहाच्या वळणावरून ते अर्ध्यातच सुरू झाल्यासारखं कानावर यायचं आणि मोठ्या पुलाखाली बोट शिरली की कोणी कात्रीने कापावं तसं तुटायचं. वाजवणारे बदलले, गाणाऱ्या बायका बदलल्या, पण यादी बदलली नाही. बाईंच्या हाताखाली तेव्हा दोनशे बारा एक्स्टेंशनांचा बोर्ड असायचा. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात ते गाणं. मनात म्हणायच्या, ह्याचं तोंड कुठंय आणि शेपूट कुठंय ते एकदा बघायला पाहिजे.

बाई ‘बघायला पाहिजे’ असंच म्हणत. तीन वर्षांच्या असताना गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. त्याआधीचं काही आठवत नव्हतं, त्यामुळे गेलेल्याचं दुःखही नव्हतं. पण समोरच्या माणसाने “हे बघा” म्हणून जीभ चावली, की त्यांना मनापासून राग यायचा. “म्हणा की,” त्या सांगत, “मी दिवसभर बघतेच आहे.”

अंधशाळेतून बाहेर पडलेल्या मुलींनी खुर्च्या विणायच्या नाहीतर मेणबत्त्या ओतायच्या, असा तेव्हा रिवाज होता. ह्यांनी दोन महिने खुर्च्या विणल्या, बोटं सोलवटून घेतली आणि एक दिवस हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसल्या. तुमचा ऑपरेटर नंबर शोधायला वही उघडतो, मी उघडणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. साहेबांनी गंमत म्हणून यादी वाचून दाखवली. बाईंनी आठ दिवस मागितले आणि पाचव्याच दिवशी येऊन सगळे नंबर उलटसुलट म्हणून दाखवले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही. गावात अर्ध्या लोकांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज माहीत नाही असं घर सापडलं नसतं. आता तिथे माणूसच नाही. मशीन आहे आणि ते अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा म्हणत राहतं.

निवृत्तीनंतर बाई आणि त्यांची धाकटी बहीण एका बिऱ्हाडात राहू लागल्या. धाकटी शाळेत शिक्षिका होती. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तशी ती ताईकडे आली. ती ताईला सांभाळायला आली की ताईच्या घरात आसरा घ्यायला, हा प्रश्न दोघींनी कधी काढला नाही. धाकटीचा स्वभाव जीव लावण्याचा, आणि लावला की गुदमरवण्याचा. “ताई, पायरी.” “ताई, गरम आहे.” “ताई, डावीकडे माणूस आहे.” ज्या जिन्यावरून बाई वीस वर्षं एकट्या चढत-उतरत होत्या, त्याच्या पायऱ्या आता रोज मोजून सांगितल्या जाऊ लागल्या. बाई दातओठ खात ऐकून घेत. तिच्या हाताला काहीतरी काम पाहिजे, नवरा गेल्यापासून ते रिकामे आहेत, हे त्यांना समजत होतं. पण समजलं तरी वैताग यायचा तो यायचाच.

चौसष्टाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात बाईंनी फोन उचलला आणि बोटीच्या ऑफिसला नंबर लावला. शनिवारची संध्याकाळची फेरी, वरचा डेक, कठड्याजवळचं टेबल, दोन खुर्च्या. फोनवरच्या मुलीने “नदीचा उत्तम देखावा दिसेल, मॅडम” असं सांगून अकरा नंबरचं टेबल दिलं. बाई म्हणाल्या, “झकास.”

“तिथे काय करणार आहेस तू?” धाकटीने विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घड्या जरा जोरात पडत होत्या.

“वाइन पिणार आहे. गाणं ऐकणार आहे. लोक करतात तेच.”

“लोक देखावा बघायला जातात, ताई.”

“मग तू देखावा बघ. मी बाकीचं करते. सगळं एकीनेच केलं पाहिजे असं थोडंच आहे?”

धाकटीने वाऱ्याची, जिन्याची, गर्दीची भीती घालून पाहिली. मग नाइलाजाने स्वतःचा कोट इस्त्रीला घेतला. एकटीला पाठवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

शनिवारी सव्वासहाला दोघी धक्क्यावर पोचल्या. बोटीवर चढायला फळ्यांचा अरुंद पूल होता, दोन्ही बाजूंना जाड दोर. बाईंनी पांढरी काठी पुढे टेकली, दोर धरला आणि चार पावलं टाकली, तोच समोर कोणीतरी उभं राहिलं. बूट जड, श्वास घाईचा, खिशात किल्ल्यांचा जुडगा. बोटीचा सुपरवायझर.

“मॅडम,” तो म्हणाला. आवाज बाईंच्या डोक्यावरून मागे गेला, धाकटीकडे. “ह्यांना वर नाही नेता येणार. खाली हॉल आहे, एकदम आरामशीर. खिडक्यासुद्धा आहेत.”

“बरं, बरं,” धाकटी लगेच म्हणाली. “खालीच बसवते त्यांना.”

“‘ह्यांना’ म्हणजे कोणाला?” बाईंनी विचारलं.

सुपरवायझर गडबडला. “नाही, म्हणजे, आजी, तुमच्याच सोयीसाठी…”

“आजी तुमच्या घरी असतील. तिकीट मी काढलंय, अकरा नंबरचं टेबल, वरचा डेक. माझ्याशी बोला.”

“मॅडम, वरचा कठडा बुटका आहे. जिना उभा आहे. बोट हलते. काही झालं तर जबाबदारी आमची.”

“नियम आहे का तसा?”

“आहे ना. तिकिटाच्या मागे छापलाय.”

“मग वाचून दाखवा. माझी अडचण तुम्हाला दिसतेच आहे.”

मागे रांग खोळंबली होती. सुपरवायझरने तिकीट उलटं केलं आणि पुटपुटत वाचलं, “वृद्ध, आजारी व अपंग प्रवाशांची आसनव्यवस्था व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार राहील.”

“मोठ्याने वाचा हो. मागच्यांनाही कळू दे. त्यांच्यात कोणी म्हातारं असेल, कोणाला खोकला असेल. सगळ्यांची व्यवस्था एकदमच लावून टाका.”

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. कोणीतरी चडफडलंही, “एका बाईपायी सगळ्यांचा खोळंबा!” धाकटीने बाईंची बाही ओढली. “ताई, लोक बघतायत. चल ना खाली. काय फरक पडतो तुला, वर काय आणि खाली काय?”

ते शब्द सुपरवायझरकडून आले असते तर बाईंनी तिथल्या तिथे परतवले असते. बहिणीच्या तोंडून आले आणि हॉस्पिटलच्या बोर्डावर कधीकधी दोन लाइनी एकमेकींत मिसळून नुसता गोंगाट व्हायचा, तसं डोक्यात झालं. मग त्यांनी बाही सोडवून घेतली.

“तुला फरक पडत नसेल तर तू खाली बस,” त्या म्हणाल्या. “मी वर चालले.”

सुपरवायझर जागचा हलला नाही. म्हणाला, एक कागद आहे, स्वतःच्या जबाबदारीवर जाते असं लिहून द्या, सही करा, मग बघू.

“तो कागद सगळ्यांकडून घेता?”

“नाही, पण…”

“माझ्या मागे जे गृहस्थ उभे आहेत, त्यांनी येतानाच दोन-तीन पेग लावलेत. मला इथपर्यंत वास येतोय. त्यांच्याकडून घेतलात?”

आता मात्र रांगच हसली. ते गृहस्थही हसले आणि म्हणाले, “दोनच हो, बाई!”

“मी सही करणार नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्हाला कोणाला विचारायचं असेल तर विचारून या. मी होल्ड करते.”

आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दोर धरले. चौतीस वर्षं त्यांनी डॉक्टरांना, मंत्र्यांना, रडणाऱ्या बापांना होल्डवर ठेवलं होतं. थांबायचं कसं हे त्यांच्याइतकं त्या धक्क्यावर कोणालाच माहीत नव्हतं. वाऱ्याने कोट फडफडत होता, पण चेहऱ्यावर त्यांनी सुरकुती हलू दिली नाही. बोटीचा भोंगा वाजला. वरून कोणीतरी, बहुधा कप्तान, ओरडला, “अरे, काय लावलंय? साडेसहा झाले! पाणी चढलं की पुलाखाली अडकू आपण. सोड त्यांना!”

किल्ल्यांचा जुडगा बाजूला सरकला. “जा,” सुपरवायझर म्हणाला. “काही झालं तर माझ्याकडे येऊ नका.”

बाई गेल्या. जिना खरंच उभा होता. सतरा पायऱ्या, लोखंडी, डाव्या हाताला कठडा. मागे धाकटीची पावलं ऐकू येतील म्हणून त्यांनी नवव्या पायरीवर कान दिला. आली नाहीत. बाई पुढच्या आठ चढल्या.

वर वारा होता, उघडं आकाश होतं. आकाश कळतं, आवाज वर जातात आणि परत येत नाहीत. कोणीतरी अकरा नंबर दाखवलं, बाईंनी खुर्ची चाचपली, कठड्यावर हात ठेवून पाहिला. त्यांच्या बरगडीपर्यंत येत होता. बुटका म्हणे!

पेयं विचारायला आलेल्या बाईचा आवाज पन्नाशीचा, थकलेला आणि गोड होता. ती शेजारच्या टेबलाला म्हणाली, “ह्या काय घेतील?”

“त्या काय घेतील ते त्यांना विचारा की,” शेजारचा माणूस म्हणाला. आवाज भरदार, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास.

“लाल वाइन,” बाई म्हणाल्या. “कुठकुठल्या आहेत ते वाचा, मग ठरवते.”

पाच होत्या. बाईंनी ज्या नावाचा उच्चार वाचणारीला जमेना ती मागवली. घोट घेतला. आंबट, तुरट, जराशी लाकडासारखी. फारशी आवडली नाही. पण ती स्वतः निवडलेली होती, म्हणून त्यांनी सावकाश, थाटात प्यायली.

बोट निघाली. माइकवरून एक मुलगी माहिती देऊ लागली. “आपल्या डाव्या बाजूला कोर्टाची भव्य इमारत दिसते आहे.” बाईंना कोर्टाच्या ऑपरेटरची आठवण झाली. बारा महिने सर्दी, प्रत्येक कॉलच्या आधी शिंक. “उजवीकडे नाट्यगृह.” नाट्यगृहाचा बुकिंग क्लार्क कायम काहीतरी खात खात बोलायचा, एकदा बाईंनी त्याला सांगितलं होतं, आधी गिळा, मग सांगा. ह्या नदीकाठची एकेक इमारत त्यांच्या ओळखीची होती. दगड नाही, घुमट नाही, प्रत्येकीचा गळा तेवढा. माइकवरची मुलगी खांब मोजत होती आणि बाई मनात माणसं मोजत होत्या.

त्यांनी वाइन पुन्हा मागवली तेव्हा शेजारचा माणूस खुर्ची सरकवून वळला. “माफ करा हं. तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय. धक्क्यावर तुम्ही ‘होल्ड करते’ म्हणालात तेव्हापासून डोकं खाजवतोय.”

“हॉस्पिटलात कधी फोन केला होतात?”

खुर्ची जोरात वाजली. “तुम्हीच! अहो, ह्या बाई त्याच!” तो बायकोला सांगू लागला. “मुलगी झाली त्या दिवशी. मी बेकरीतून फोन केला, भट्टी चालू, मी नुसता रडतोय. आणि ह्या म्हणाल्या, ‘रडणं थांबवा आणि वॉर्ड नंबर सांगा.’”

“मग थांबवलंत का?”

“झटक्यात!”

“मग चुकलं कुठं माझं?”

बेकरीवाला, त्याची बायको आणि बाई, तिघंही पोट धरून हसले. ती मुलगी आता तिसाव्यात होती आणि बापाचं अजिबात ऐकत नव्हती. “माझ्यावर गेली,” बाई म्हणाल्या.

नाट्यगृहाचं वळण जवळ आलं. अकॉर्डियनने दोन लांब सूर ओढले आणि बाईंचा हात ग्लासवर थांबला. ते गाणंच सुरू होत होतं. त्याचं तोंड सापडलं. छोटंसं होतं, आधी नुसतं अकॉर्डियन, मग क्लॅरिनेट दबकत आत येतं, आणि मग गाणारी बाई असं काही उचलते की जणू ती आधीपासूनच गात होती. मग तो ओळखीचा तुकडा आला. डावीकडे आता हॉस्पिटल असणार, खिडकी असणार, कदाचित बंद. बाईंनी तिकडे तोंड वळवलं नाही. पुलाखाली बोट शिरली, गाणं कमानीखाली दुप्पट झालं, ड्रम दगडांवर आदळून परत आले, आणि पलीकडे बाहेर पडून ते… संपलं. दोनदा तीच ओळ, एक झांज, बस्स.

“एवढंच?” बाई मोठ्याने म्हणाल्या.

“काय झालं?” बेकरीवाल्याच्या बायकोने विचारलं.

“काही नाही. चौतीस वर्षं वाटत होतं, शेवट मोठा असेल.” आणि त्यांना हसू आवरेना. ते निराशेचं हसू नव्हतं. एवढीशी गोष्ट होती आणि ती स्वतः येऊन बघितल्याशिवाय कळली नसती, ह्याचं होतं.

पुलापुढे नदी रुंद होते. तिथे पाणीपुरवठ्याचं जुनं पंपघर आहे. मुलीने माइकवर त्याचं फारसं काही सांगितलं नाही, मनोऱ्याची उंची तेवढी. पण बाई उठून कठड्याला गेल्या. पाण्यावरून एक खालच्या पट्टीतली घरघर येत होती, अखंड. पंपघरात एक ऑपरेटर होते. रविवारी दुपारी दोन्ही बोर्ड शांत असायचे, तेव्हा ते फोन करायचे. “लाइन तपासतोय,” म्हणायचे. बावीस वर्षं दर रविवारी लाइन तपासली गेली. दोघं भेटले कधीच नाहीत. त्यांच्या बोलण्यामागे हीच घरघर असायची. एका रविवारी फोन आला नाही, दुसऱ्या रविवारीही नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात पंपघरातून दुसऱ्याच आवाजाने सांगितलं. बाईंनी तेव्हा “कळवल्याबद्दल आभारी आहे” म्हणून पुढचा कॉल जोडला होता. सुट्टी मागायची तर कोण वारलं म्हणून सांगणार होत्या?

आता त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. घरघर जवळ आली, अंगावरून गेली, मागे पडली. त्यांनी डोळे पुसले नाहीत. वारा पुसत होता.

“मॅडम, बसून घ्या.” जड बूट. किल्ल्या. “कठड्याजवळ उभं राहायचं नाही.”

“इथे आणखी कितीजण उभे आहेत?”

सुपरवायझरच्या किल्ल्या नुसत्या खुळखुळल्या.

“माझ्या उजवीकडे पाच-सहा आहेत. त्या टोकाला एक जोडपं आहे, ते मघापासून भांडतंय. त्यांना सांगितलंत बसा म्हणून?”

“त्यांना दिसतं, मॅडम.”

“दिसतं म्हणून पाण्यात पडत नाही असं कुठे आहे? जे पडतात त्यांना दिसतच असतं. मी हॉस्पिटलात होते, मला माहीत आहे.”

तो काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. “राहू द्या हो. मी आहे.” धाकटी. जिना घाईने चढल्यामुळे तिला धाप लागली होती. सुपरवायझर, सुटलो एकदाचा अशा पावलांनी निघून गेला.

“तू आहेस म्हणून राहू द्या, असं नाही,” बाई म्हणाल्या. “मी आहे म्हणून राहू द्या. मी.”

“आता माझ्याशीही भांड!” धाकटीचा आवाज फाटला. “खाली हॉलमध्ये कोणी नाही, ताई. नुसत्या रचलेल्या खुर्च्या आणि एक म्हातारा झोपलेला. मी एकटी बसले होते. प्रत्येक धक्क्याला वाटत होतं, तू पडलीस.”

“पडले नाही.”

“पडली असतीस तर?”

“तर पडले असते. लोक पडतात.”

“मी आईला शब्द दिलाय, तुला एकटीला सोडणार नाही म्हणून.”

“आईला जाऊन चाळीस वर्षं झाली. आणि तो शब्द देताना मला विचारलं नव्हतंस.”

धाकटी कठड्याला टेकली. मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं जे केलं ते सगळं फुकट?”

खोटं बोलता आलं असतं. दुखावताही आलं असतं, आणि धक्क्यावरचं ते वाक्य अजून कानात होतं, त्यामुळे इच्छाही झाली. “फुकट नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “खूप केलंस. आता थोडं कमी कर. आणि मघाशी म्हणालीस ना, मला वर काय आणि खाली काय? ते मला लागलं.”

“कळलं तेव्हाच. तोंडातून गेलं तेव्हाच कळलं. म्हणून तर वर यायला पाय उचलेना.”

बाईंनी आपला ग्लास तिच्या हातात दिला. धाकटीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं असावं, कारण “ई!” असा आवाज आला. “कसली ही? हिच्यापेक्षा बिअर बरी.”

“तू बिअर कधी प्यायलीस?”

“शाळेच्या सहलीत. मुलं झोपल्यावर.”

बाईंना ही बातमी नवी होती. त्यांनी बिअर मागवली.

परतीच्या वाटेवर बेकरीवाल्याने बाईंना नाचायला बोलावलं. धाकटीच्या तोंडून “नको, तिला…” एवढं निघालं आणि तिथेच अडलं. बाई नाचल्या. चांगल्या नाचल्या असं म्हणता येणार नाही. बेकरीवाल्याच्या पायावर तीनदा पाय पडला आणि एकदा दोघं मिळून ड्रमवर आपटता आपटता वाचले. मग बेकरीवाल्याच्या बायकोने धाकटीला ओढलं.

धक्का लागला तेव्हा अजून उजेड होता, असं धाकटीने सांगितलं. बाई जिना उतरू लागल्या. पंधरा पायऱ्या बिनबोभाट झाल्या. सोळावीवर कोणीतरी खालून त्यांचा कोपर घट्ट पकडला आणि ओढला. काठी सुटली, तोल गेला, आणि शेवटच्या लोखंडी पायरीच्या काठावर नडगी सोलवटली. रक्त आलं.

“बघा!” सुपरवायझर म्हणाला. “मी आधीच म्हणालो होतो!”

बाई खाली बसल्या होत्या. धाकटी धावली आणि दोन पावलांवर थांबली. हे थांबणं बाईंना ऐकू आलं. त्यांनी काठी शोधली, उठल्या, कोट झटकला.

“मी सतरा पायऱ्या चढले आणि पंधरा उतरले,” त्या म्हणाल्या. “सोळावीला तुम्ही ओढलंत. तुमचा हात आला नसता तर मी आत्ता रस्त्यावर असते. तक्रारवही आणा.”

“आता, ह्या वेळी?”

“आत्ताच. रक्त ओलं आहे तोवर.”

वही आली. बाईंनी मजकूर सांगितला, धाकटीने शिक्षिकेच्या गोल अक्षरात लिहिला. “अनवधानाने ओढले” असं ती मवाळ करू पाहत होती, ते बाईंनी खोडायला लावलं. बेकरीवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. तो दोन पेगवाला गृहस्थही उत्साहाने पुढे आला, पण त्याची सही ओळीत बसेना.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ते धाकटीच्या नावावर होतं. ‘आपल्या दृष्टिहीन भगिनींना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत,’ वगैरे. बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, मग टाइपरायटरपुढे बसल्या आणि स्वतः उत्तर ठोकलं: पत्र चुकीच्या व्यक्तीला मिळालं आहे. तक्रार करणारी मी. पडले मी. कृपया मला लिहावं. तीन आठवड्यांनी दुसरं आलं, ह्या वेळी बाईंच्या नावावर, सोबत दोन फुकट तिकिटं. खालच्या हॉलची. ती बाईंनी त्याच पाकिटात घालून परत पाठवली. उत्तर म्हणून एकच ओळ: मी वर बसते.

तिसरं पत्र आलं नाही. तिकिटामागचा नियम अजून तसाच छापलेला आहे; बाई प्रत्येक वेळी धाकटीकडून नाहीतर रांगेतल्या कोणाकडून वाचून घेतात. नडगीवरचा व्रण गेला नाही. सुपरवायझर दोनदा आडवा आला, एकदा लांबूनच वाट देऊन मोकळा झाला. त्याच्या जागी एक नवीन माणूस लागला, तोही आडवा आला. त्यालाही बाईंनी होल्डवर ठेवलं.

ह्या मोसमात त्या सात वेळा गेल्या. पाचव्या फेरीला त्यांना आवडणारी वाइन सापडली. धाकटी चार वेळा बरोबर होती आणि चारही वेळा बिअर प्यायली. बाकीच्या तीन फेऱ्या बाईंनी एकटीने केल्या. त्या दिवशी धाकटीचा गुडघा दुखतो, ती घरी थांबते, रेडिओ लावते आणि बंद करते. बाई जिना चढून येतात, किल्ली काढेपर्यंत आतून दार उघडतं. बहिणीचा चेहरा तेव्हा कसा असतो हे त्यांना माहीत नाही. पण कडी काढण्याचा आवाज अजून रागावलेला असतो.